फोटो आधी, फावडं नंतर : पुरानंतरचे तुमचे प्रश्न

यावेळचं सदर नेहमीसारखं नाहीये. अनारसे तेलात सोडले की हसतात त्याला काय करायचं असं विचारणाऱ्या दोघींनी आणि सुनेशी पटत नाही वाल्या काकूंनी जरा थांबावं, तुमचं पुढच्या अंकात नक्की घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यात पाचोरा, जामनेर, मुक्ताईनगर बाजूला जो पाऊस कोसळला आणि नाले गावात शिरले, त्यानंतर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की दुसरं काही घ्यायला मनच होईना. मी काही अधिकारी नाही, पण आमच्या यांनी तीस वर्षं ग्रामसेवकी केली, त्यामुळे पंचनामा, पोच, ठराव हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे. काही उत्तरं त्यांना विचारून लिहिलीत, भांडण झालं ते वेगळं.

प्रश्न : ताई, आमचं घर नाल्याच्या काठाला आहे. रात्री दोनला पाणी घुसलं, कमरेएवढं होतं, पहाटे ओसरलं पण घरात गुडघाभर गाळ. सासूबाई म्हणे घट बसायचेत, घर असं कसं ठेवायचं, म्हणून आम्ही दोन दिवसात सगळा गाळ उपसला, भिजलेले गहू, दादर ज्वारी, गोधड्या सगळं फेकून दिलं, भिंती धुतल्या. पाचव्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली आणि म्हणाली तुमच्याकडे तर काहीच झालेलं दिसत नाही. यादीत नाव नाही. आता काही होईल का?
– एक वाचक, पाचोरा तालुका

उत्तर : अगं माय, तू माझ्या मावशीची गोष्ट लिहून पाठवलीस की काय असं वाटलं. मावशी चाळीसगावला, जुन्या वस्तीत. ३०-३१ ऑगस्ट २०२१ ची ती रात्र, पाटणादेवीच्या बाजूला डोंगरात पाऊस असा फुटला की तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम चढल्या, तिकडे कन्नड घाटात दरडी आल्या, रस्ता बंद, आणि इकडे शहरात बाजारपेठेतसुद्धा पाणी. मावशीचं घर अर्धं बुडालं. आणि ही बाई अशी की पाहुणा यायच्या आधी अंगण दोनदा झाडणारी, तिने तिसऱ्या दिवशी घर असं चकाचक केलं, फिनाईल मारून, की पंचनामा करणारा माणूस चप्पल बाहेर काढून आत आला. चहा पिला आणि कागदावर लिहिलं, नुकसान किरकोळ. मावशी अजून म्हणते, मी त्याला चहा कशाला पाजला.

तर सगळ्यांसाठी आधी हे की फावडं हातात घ्यायच्या आधी मोबाईल हातात घ्या. प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेली कोठी, फुगलेला दिवाण, आणि घरातलं एक माणूस त्या फोटोत उभं पाहिजे म्हणजे पाणी कुठवर होतं ते कळतं आणि घर कोणाचं तेही कळतं. एखादा व्हिडिओ दारापासून सुरू करायचा, घर नंबर दिसला पाहिजे. मग खुशाल उपसा, गाळात कोणी चार दिवस बसून राहू शकत नाही आणि बसूही नये, लेकरं आजारी पडतात.

आता तुझ्यासाठी. धुतलं तरी सगळं पुसलं जात नाही. भिंतीचा चुना किंवा डिस्टेंपर कुठवर फुगलाय ते बघ, दाराच्या मागे, कपाटाच्या मागे, मीटरच्या पेटीखाली रेघ हमखास राहते. शेजारपाजारच्या पोरांनी त्या सकाळी गल्लीचे व्हिडिओ काढलेच असतील, व्हॉट्सॲपवर फिरले असतील, त्यात तुमचं घर शोध, त्याला तारीख-वेळ असते. दोन्ही बाजूच्या घरांची नावं यादीत असतील आणि मधलं तुझं नसेल तर तो सगळ्यात मोठा पुरावा, पाणी काय मधलं घर सोडून गेलं का? हे सगळं जोडून तहसीलदारांच्या नावाने साधा अर्ज लिही, फेरपंचनामा करावा म्हणून. ग्रामपंचायतीकडून पाणी शिरल्याचा दाखला मिळाला तर तोही लाव, आणि ग्रामसभा होणार असेल तर यादीतून सुटलेल्या सगळ्या घरांचा एकच ठराव करून घ्या, एकटीच्या अर्जापेक्षा गावाच्या ठरावाला वजन येतं. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. "ठेवून जा, बघतो" म्हटलं की समजायचं तो कागद गेला. आमचे हे स्वतः सांगतात, पोच नसलेला अर्ज म्हणजे न लिहिलेला अर्ज. तहसीलला नाही ऐकलं तर जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे जायचं.

मिळतं काय तेही सांगते, कारण गावात कोणी म्हणतं दहा हजार, कोणी म्हणतं लाख. केंद्राचे २०२२ ते २०२६ साठीचे जे निकष या पुराला लागू होतात त्यात घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,०००. पक्कं घर थोडं पडलं, म्हणजे किमान १५ टक्के, तर ६,५००, कच्चं असेल तर ४,०००, झोपडी गेली तर ८,०००, गोठ्याला ३,०००. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. वाचून हसू येतं ना, २,५०० मध्ये आजकाल एक कुकर आणि दोन पातेली येतात. म्हणून राज्य सरकार मोठ्या पुरात स्वतःचे पैसे घालून रक्कम वाढवतं, २०२१ ला कुटुंबामागे १०,००० दिले होते. आणि एक मेख आहे ती लक्षात ठेव, कपडे-भांड्यांच्या मदतीला मूळ निकषात घर दोन दिवसापेक्षा जास्त पाण्यात असावं असं लिहिलेलं आहे. आपल्या खान्देशातलं पाणी असं दोन दिवस बसत नाही, ते रात्री येतं आणि सकाळी निघून जातं, पण जाताना सगळं घेऊन जातं. राज्याने याआधी ही अट शिथिल केलेली आहे, त्यामुळे "तुमच्याकडे दोन दिवस पाणी नव्हतं" असं कोणी तोंडावर फेकलं तर यावेळचा जीआर दाखवा म्हणायचं, शांतपणे. घर भाड्याचं असेल तरी कपडे-भांडी तर राहणाऱ्याचीच भिजली, त्यामुळे ती मदत भाडेकरूने मागायची आणि पडझडीची मालकाने. भाडेकरू बिचारे मागतच नाहीत, त्यांना वाटतं आपला काय संबंध.

प्रश्न : ताई नमस्कार. आमची साडेतीन एकर, कपाशी पूर्ण बसली, नाल्याकाठची पाऊण एकर तर मातीसकट खरडून गेली, खाली मुरूम दिसतोय. उतारा अजून वडिलांच्या नावावर, ते दोन वर्षांपूर्वी वारले. एक भाऊ सुरतला. बाजूवाल्याचे पैसे आले, आमचे नाही. पीकविम्याला ७२ तासात फोन केला होता त्याचंही काही नाही.
– एक शेतकरी, जामनेर तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या एका पत्रात तीन गाठी आहेत, आणि तिन्ही पुराने नाही पाडलेल्या.

पहिली वारसाची. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे जमा होत नाहीत, इतकं साधं आहे. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे आजच द्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठी आप्पाच), मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं लागतात. नोंद झाली की तुम्ही, भाऊ, आई, बहिणी असे सगळे सामाईक खातेदार होता, मग पैसे एकाच्या खात्यात घ्यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. सुरतच्या भावाला दिवाळीला यायचंच आहे, तेव्हा फराळाआधी सही. बहिणींना पण विचारा हो, सही घेण्यापुरतं नाही, खरंच विचारा. भाऊबीजेच्या ताटाखाली सरकवलेले कागद मी पाहिलेत.

दुसरी गाठ बँकेची. मदतीच्या यादीत प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक पडतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात, तो घेऊन सेवा केंद्रात जाऊन अंगठा लावून केवायसी करायची. ज्यांचा ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी ऑनलाईन नोंदणीचा) फार्मर आयडी आहे त्यांना यावेळी केवायसीची गरज नाही असं सरकारने सांगितलंय, पण तुमचा आयडी तर उतारा वडिलांच्या नावावर असल्याने निघालाच नसेल, म्हणून परत पहिली गाठ आधी. आणि पैसे खाते नंबरवर नाही तर आधारला जे खातं जोडलंय त्यात जातात. बऱ्याच जणांचं आधार कुठल्यातरी जुन्या खात्याला चिकटलेलं असतं, मजुरीच्या किंवा पोराच्या स्कॉलरशिपच्या, आणि माणूस नव्या पासबुकात एन्ट्री मारून मारून थकतो, पैसे तिकडे पडून असतात. बँकेत जाऊन फक्त एवढं विचारा, माझं आधार कुठल्या बँकेला मॅप आहे.

तिसरी विम्याची, आणि इथं वाईट बातमी आहे. ७२ तासात कळवायचं हे इतकी वर्षं सगळ्यांनी घोकलं, पण खरीप २०२५ पासून आपल्या राज्यात एक रुपयातला विमा गेला आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीचं वेगळं संरक्षण पण गेलं. आता भरपाई पीक कापणी प्रयोगात (ठरावीक शेतांतलं पीक कापून तोलतात तो) महसूल मंडळाचं, म्हणजे आजूबाजूच्या गावांच्या गटाचं, उत्पन्न किती निघतं त्यावर. म्हणजे तुमचं शेत वाहून गेलं आणि मंडळातलं बाकी बरं असलं तर हात चोळत बसायचं. मला हे अजिबात पटत नाही, नाला काही मंडळ बघून शेतात शिरत नाही. पण खोटी आशा कशाला देऊ. कापणी प्रयोग तुमच्या गावात कधी आणि कुठल्या गटात आहे ते कृषी सहायकाला विचारा आणि त्या दिवशी तिथे हजर राहा, हे आपल्याला करता येतं.

आता सरकारी मदत. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं त्यात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि रब्बीच्या बी-बियाण्यासाठी वरून १०,००० असे १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००, तीन हेक्टरपर्यंत. कपाशीला ठिबक असेल आणि उताऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर तुम्ही कोरडवाहूत जाता, ते नीट बघा. खरडून गेलेल्या जमिनीला वेगळं आहे, हेक्टरी ४७,००० रोख आणि ३ लाखांपर्यंत रोजगार हमीतून, गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,०००. म्हणून तुमच्या पाऊण एकराचा पंचनामा "पीक नुकसान" मध्ये गेलाय की "जमीन खरडली" मध्ये, हे सगळ्यात आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी एकाच रकान्यात सगळं टाकून मोकळे होतात. मुरूम दिसतोय म्हणता ना, तिथे कुदळ उभी करून फोटो काढा, शेजारच्या शाबूत बांधाची उंची त्यात आली पाहिजे.

प्रश्न : आम्ही मूळ खान्देशचे पण दोन पिढ्या सुरतला, उधन्यात. आमच्या मंडळाने पूरग्रस्तांसाठी सामान गोळा केलंय, एक ट्रक भरेल एवढे कपडे आलेत, गहू आणि तांदूळ पण आहे. कुठे पाठवावं?
– एका मंडळाचे कार्यकर्ते, सुरत

उत्तर : दादा, आधी तुमचे आभार, सुरतवाल्या खान्देशींनी गावाला कधी वाऱ्यावर सोडलं नाही. आणि तुम्हाला तर पूर काय ते सांगायला नको, तापी आमच्याकडून हतनूर धरणावरून तुमच्याकडेच येते, २००६ ला उकाई धरणाचं पाणी सोडल्यावर सुरत कसं बुडालं होतं ते तुमच्या आईवडिलांना विचारा. पण आता जे लिहिणार आहे त्याचा राग मानू नका.

कपड्यांचा ट्रक पाठवू नका.

जुने कपडे आले की काय होतं ते मी डोळ्याने बघितलंय. शाळेच्या व्हरांड्यात ढीग पडतो, त्यावर रात्री पाऊस, दुसऱ्या दिवशी वास, आणि आधीच गाळ उपसणाऱ्या गावाला आता तुमचे कपडे उपसावे लागतात. त्यात चेन तुटलेल्या पँटी, एका ढिगात तर लग्नातला फेटा आणि टाय निघाला होता. जी बाई कालपर्यंत स्वतःच्या घरात धुणंभांडी करून चार पाहुण्यांना जेवू घालत होती तिला त्या ढिगात वाकून मापाचा ब्लाऊज शोधायला लावायचं, ते बघवत नाही. जुन्या सुती साड्या आणि धोतरं मात्र द्या, फडकी म्हणून, पुसायला हजार लागतात, आणि वर तसं लिहा, "पुसण्यासाठी". नवे द्यायचे तर आतले कपडे द्या, बायांचे, पुरुषांचे, लेकरांचे, वेगवेगळ्या मापाचे, ते कोणी मागत नाही आणि कोणाकडेच उरलेले नसतात. सोबत सॅनिटरी पॅड, आणि ते काळ्या पिशवीत घालून एखाद्या बचत गटाच्या ताईच्या हातात द्या, स्टेजवरून वाटायची वस्तू नाही ती.

गव्हाचं पण सांगते. पूर आला की डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बंद, डीपी बंद की गिरणी बंद. घरात पन्नास किलो गहू येऊन पडतात आणि दळायचं कुठं? पीठ पाठवा, पाच-पाच किलोच्या पिशवीत, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) असेल तर सोन्याहून पिवळं, म्हातारी माणसं भाकरीवर जगतात, बिस्किटांवर नाही. पण पिठाबरोबर चूल पेटायची सोय पाहिजे, आमच्याकडे खेड्यात पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि गोवऱ्यांवर चालतं आणि ते सगळं भिजलेलं असतं. एकाच शेगडीची का होईना गॅसची शेगडी आणि तवा, परात, पातेलं, उलथणं, चार ताटं असा संच एका घराला दिलात तर तो दहा दिवसाच्या खिचडीपेक्षा जास्त कामाचा. पहिले चार दिवस खिचडी ठीक आहे, नंतर लोकांना आपापल्या चुलीवर आपापल्या हाताचं तिखट पाहिजे असतं, त्यात काही चूक नाही. बाकी ताडपत्री (जाड, कडीवाली), झाकणाची बादली, मच्छरदाण्या, टॉर्च, गमबूट, फावडी, घमेली. शाळेच्या पोरांना वह्या चालतील पण आधी शाळेला विचारा, सरकारी पाठ्यपुस्तकं शाळेतून परत मिळू शकतात, दप्तर आणि चप्पल मिळत नाही.

कुठे पाठवायचं, तर हायवेवरच्या पहिल्या गावाला नाही. सगळे ट्रक तिथेच थांबतात, फोटो तिथेच निघतात, आणि आत चार किलोमीटरवर तांडा किंवा भिल्ल वस्ती असते तिथे कोणी जात नाही कारण नाल्यावरचा फरशी पूल वाहून गेलेला. आधी दोन माणसं मोटारसायकलवर पाठवा, घरं मोजा, यादी करा, सरपंचाबरोबर आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईला पण विचारा कारण कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण एकटं म्हातारं आहे हे सरपंचाला नसतं माहीत, त्यांना असतं. मग तेवढेच संच बांधा आणि घरोघर जाऊन द्या, रांग लावू नका. वाटताना फोटो सामानाचा काढा, घेणाऱ्याच्या तोंडाचा नको. आणि पैसे गोळा करत असाल तर क्यूआर कोड कोणाच्या खाजगी खात्याचा नको, दोन सह्यांचं खातं पाहिजे, हिशेब मंडळाच्या फळ्यावर लावा. रब्बी तोंडावर आहे, उरलेल्या पैशात हरभऱ्याचं बी दिलंत तर लोक नाव काढतील.

प्रश्न : आमच्या विहिरीत पुराचं पाणी गेलं. गढूळपणा खाली बसला, आता पाणी स्वच्छ दिसतं. वापरलं तर चालेल का?
– एक भगिनी, अमळनेर तालुका

उत्तर : नाही. दिसायला स्वच्छ आहे एवढंच. त्यात संडासाचं, गोठ्याचं, फवारणीचं काय काय उतरलंय ते डोळ्याला दिसत नाही. ब्लिचिंग पावडर म्हणजे टीसीएल ग्रामपंचायतीत असते, हक्काने मागा. साधा हिशोब असा की हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि पुरानंतर दुप्पट. गोल विहिरीचं पाणी मोजायचं तर व्यास मीटरमध्ये, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने, येतात ते लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे साधारण २८,००० लिटर, त्याला नेहमीची ७० ग्रॅम, आता १४० ग्रॅम. पावडर तशीच भुरभुरायची नाही, बादलीत आधी पातळ पेस्ट, मग पाणी, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून दोर-बादलीने वरखाली हलवायचं. तासभर थांबा. आरोग्यसेवकाकडे ओटीचं औषध असतं, दोन थेंबात पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. तरीही महिनाभर पिण्याचं उकळूनच. वीसएक लिटरच्या हंड्याला टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या आशाताईकडे मिळतात. मोटार लगेच चालू करू नका, वायरमनला दाखवल्याशिवाय तर नाहीच. आणि ताई, गाळात अनवाणी फिरू नका, पायाला चीर असेल आणि नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर "थंडी भरली" म्हणून घरी काढू नका, लेप्टो असू शकतो, सरकारी दवाखान्यात पुराच्या पाण्यात होते असं सांगायचं. लाकडाच्या ढिगाऱ्यात हात घालायच्या आधी काठी, साप पण बिचारे जागा शोधतात.

प्रश्न : दोन म्हशी आणि एक गोऱ्हा वाहून गेले. एका म्हशीचं धड दोन किलोमीटरवर सापडलं, वास येत होता म्हणून लोकांनी पुरून टाकलं. ना फोटो ना काही. डॉक्टर म्हणतात शवविच्छेदन नाही तर कागद नाही.
– एक पशुपालक, मुक्ताईनगर तालुका

उत्तर : भाऊ, दुधाळ म्हशीला ३७,५०० आहे, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, वासरू-गोऱ्ह्याला २०,०००, शेळीला ४,०००, कोंबडीला १००. तुमचे जवळपास लाखाला पाच हजार कमी होतात, त्यामुळे इतक्यात सोडून देऊ नका. कानातला बिल्ला असेल तर त्याचा बारा आकडी नंबर पशुवैद्यकीय दवाखान्यात ऑनलाईन नोंदलेला असतो, मालक म्हणून तुमचं नाव त्यात आहे, ती जनावरं तुमची होती हे तिथेच सिद्ध होतं. डेअरीचं कार्ड किंवा दुधाच्या पावत्या काढा, पुराच्या तारखेनंतर दूध निम्म्यावर आलं हे कागद बोलतो. पुरणाऱ्या चौघांचे जबाब, पोलीस पाटलाचा दाखला, सरपंचाचं पत्र. वाहून गेलेल्या आणि न सापडलेल्या जनावराचं शवविच्छेदन कोण कसं करणार, हे तहसीलदाराला लेखी विचारा, तोंडी नको. यावेळी तीन जनावरांची मर्यादाही काढल्याचं जाहीर झालंय. राहिलेल्या जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस झाली का ते १९६२ ला फोन करून बघा.

प्रश्न : माझी दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, घराचे कागद सगळं पेटीत भिजलं, एकमेकाला चिकटलंय. मला पुढच्या महिन्यात भरतीला जायचंय.
– एक विद्यार्थी, जळगाव जिल्हा

उत्तर : बेटा, ओढू नकोस. ओले कागद ओढले की शाई वरच्या कागदाबरोबर निघते. गठ्ठा तसाच जुन्या सुती कापडावर सावलीत ठेव, पंख्याखाली, ऊन नको, कडा सुटायला लागल्या की एक एक कागद सपाट चाकूने उचल. लॅमिनेशन केलेलं असेल तर कोपरा कापून पाणी काढ. आणि यातलं बरंचसं परत मिळतं. बोर्डाची मार्कशीट डिजीलॉकरमध्ये बघ, नसेल तर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज, जळगाव, धुळे, नंदुरबार सगळे नाशिकलाच येतात. टीसीची दुसरी प्रत शाळा देते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात निघतो, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे. भिजलेल्या नोटा पण फेकू नका, वाळवून बँकेत न्या, बदलून मिळतात. भरतीवाल्यांना आत्ताच मेल करून ठेव की मूळ कागद पुरात गेले, दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केलाय, आणि त्या अर्जाची पोच जोड.

प्रश्न : ताई, हे पत्र मी सासऱ्यांच्या नकळत लिहितेय. ७४ वर्षांचे आहेत. गावात कोणाकडे लग्न असो मयत असो, आमच्या घरून धान्याचं पोतं जायचं. आता आमचीच कोठी गेली. किट वाटायला माणसं आली तर आत निघून गेले, मला म्हणाले "आपन देनारा शेतस, लेनारा नही" (आपण देणारे आहोत, घेणारे नाही). मी मागच्या दाराने घेतलं ते कळल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. पंचनाम्याला पण बोलत नाहीत. रात्री पाऊस लागला की उठून ओट्यावर जाऊन बसतात.
– एक सून, भडगाव तालुका

उत्तर : बाई, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि यांना पण वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

तू मागच्या दाराने घेतलंस ते बरोबरच केलंस, घरात लेकरं आहेत. पण त्यांना "सगळेच घेतायत" असं समजावू नकोस, त्याने उलट होतं. ज्याने आयुष्यभर दिलं त्याला तू आता घेणारा झालास हे कोणीही सांगितलं तर झेपणार नाही, ते पुरापेक्षा मोठं. त्यांना द्यायला काहीतरी शोध. गावातला जुना पूर त्यांना आठवत असेल, नाला पूर्वी कुठून वाहायचा, कोणत्या साली पाणी मारुतीच्या पारापर्यंत आलं होतं, कोणाचा बांध कुठवर होता. पंचनामा करणारी पोरं आजकाल पंचविशीतली असतात, बाहेरगावची, त्यांना यातलं काही माहीत नसतं. तलाठ्याला किंवा सरपंचाला तू स्वतः जाऊन सांग की आबांना शिवारात सोबत न्या, खरडलेल्या जमिनीच्या जुन्या हद्दी दाखवायला. मदत मागायला नाही, मदत करायला. आमच्या यांनी नोकरीत असताना अशा दोन म्हाताऱ्यांना पुढे घालून अख्ख्या गावाचे पंचनामे केलेत, आणि ते म्हणतात तेवढे बिनचूक पंचनामे परत कधी झाले नाहीत. स्वतःच्या शेताजवळ आले की ते बोलतील, तेव्हा तू लिहून घे. आणि पैसे आले की त्यातलं एक पायलीभर बी शेजारच्या निराधार बाईला त्यांच्याच हाताने दे. आपल्याला परवडत नाही हे मला कळतं, तरी दे.

जेवण दोन दिवस बंद झालं म्हणतेस ते मात्र हलकं घेऊ नकोस. बीपी-शुगरच्या गोळ्या पुरात गेल्या का ते बघ, म्हातारी माणसं गोळी संपली तरी सांगत नाहीत. झोप नाहीच, कोणाशी बोलणं नाही, जगून काय करू असलं काही तोंडातून आलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आधी तू स्वतः लावून विचार. तुझीसुद्धा झोप गेली असेल, पत्रात तू स्वतःबद्दल एक ओळ लिहिलेली नाहीस.

आणि रात्री ओट्यावर बसतात तर बसू दे. आत चला आत चला करू नकोस. नातवाला घोंगडी घेऊन शेजारी पाठव, नाल्याचा आवाज कसा ओळखायचा ते त्याला विचारायला सांग. चहा तू नंतर घेऊन जा.